घाटगे काकूंचे पहारेकरी

घाटगे काकूंची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझी समजूत होती की हा कुणीतरी रागीट पुरुष आहे.

मी तेव्हा चंदिगडच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते आणि सेक्टर पंधरात एका सरदारजींच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होते. संध्याकाळी मार्केटमधल्या सायबर कॅफेत जाऊन नगरला घरी ईमेल पाठवायचा आणि उरलेल्या वेळात 'ग्रे हार्बर' खेळायचं, असा माझा नेम होता. हा इंटरनेटवरचा पत्त्यांचा खेळ. नेहमीच्या पत्त्यांत सगळ्यांसाठी एकच कॅट असतो, इथे मात्र प्रत्येकानं आपला कॅट आपणच बांधून आणायचा. शेकडो पत्त्यांतून चाळीस निवडायचे आणि त्यांना डेक म्हणायचं. पत्ते गलबतांचे, वादळांचे, चाच्यांचे, व्यापाऱ्यांचे. समोरच्याचं बंदर जिंकलं की डाव आपला. समोरचा काय घेऊन येईल याचा अंदाज बांधून आपले चाळीस ठरवायचे, त्यामुळे पहिला पत्ता पडायच्या आधीच निम्मा खेळ झालेला असायचा.

एका संध्याकाळी 'पन्हाळा' नावाच्या खेळाडूनं मला सपाटून हरवलं. घरापासून इतक्या लांब पडद्यावर ते नाव वाचलं आणि मला राहवलं नाही. खालच्या चौकटीत मी रोमन अक्षरांत लिहिलं, "तुम्ही कोल्हापूरचे का?"

थोड्या वेळानं उत्तर आलं, "तुला कुणी सांगितलं?"

"नावावरून वाटलं."

"मी जातो आता," असं लिहून पन्हाळा नाहीसा झाला.

त्यानंतर आमची बऱ्याचदा गाठ पडली आणि दर वेळी माझी चौकशी झाली. नगरमध्ये राहतेस कुठं, वडील काय करतात, इथं कुणाच्या हाताखाली शिकतेस. एकदा विचारलं, "तुमच्या डिपार्टमेंटच्या दारात कसलं झाड हाय?" मी सांगितलं, कदंबाचं. दोन दिवसांनी मजकूर आला, "बरोबर. मी जाऊन बघून आलो." मी घाबरलेच. एक अनोळखी माणूस माझ्या विभागाच्या दारात उभा राहून झाड बघून गेला होता! म्हणून भेटायचं ठरलं तेव्हा मी सेक्टर सतराच्या कारंज्यापाशी, भर गर्दीत, उजेडात भेटायचं कबूल केलं आणि खोलीतल्या मैत्रिणीला सांगून ठेवलं की वेळेत परत आले नाही तर शोधायला ये.

कारंज्यापाशी मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे संशयानं बघत उभी होते. मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई होत्या. इरकली साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला आडवी लावलेली पिशवी आणि पिशवीच्या तोंडावर घट्ट मूठ.

"संध्या न्हवं? त्या पुस्तकाच्या दुकानातनं मघापासनं बघालोय तुला. एकटीच आलीस. बरं केलंस."

कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण पडद्यावरच्या अक्षरांना पदर नसतो. मी हसत सुटले, आणि त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "हसायला काय झालं?"

काकूंचे यजमान सैन्यात कर्नल होते आणि त्या वेळी सरहद्दीकडे कुठंतरी तैनात होते. कुठं, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. त्या चंडीमंदिर छावणीत एकट्या राहत. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतून हा खेळ त्यांच्या घरात शिरला होता. "पत्ते जुळवत बसलं की घर गप वाटत न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्यांच्या संशयाला आपपरभाव नव्हता. दूधवाल्यासमोर दूध उकळून बघायचं. गॅसचा सिलिंडर हलवून बघायचा. शेजारच्या मेजरसाहेबांच्या बायकोनं हलवा पाठवला तर वाटी परत करताना, आज हलवा का केला होता, ते विचारून यायचं. मी कौतुकानं म्हणाले, "काकू, साडी छान दिसते," तर त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "कशावरनं?" हा त्यांचा लाडका शब्द. आज पाऊस पडेल म्हटलं, कशावरनं. बस वेळेवर येईल म्हटलं, कशावरनं. एकदा मी चिडून म्हणाले, "काकू, मी तुमच्याशी खोटं कशाला बोलेन?" तर शांतपणे म्हणाल्या, "तेच तर मी शोधालोय."

आणि तरीही त्यांच्याकडे गेलं की त्या ताटात तांबडा रस्सा वाढायच्या, माझ्या कुर्त्याचं सुटलेलं बटण न सांगता लावून ठेवायच्या. माया आणि चौकशी त्यांच्याकडे एकाच ताटात यायची. कोणतं आधी खायचं ते आपण ठरवायचं.

त्यांचा डेकही त्यांच्यासारखाच होता. 'वॉचमन' नावाचा एक पत्ता होता, काकू त्याला पहारेकरी म्हणत. तो खेळला की समोरच्याच्या हातातला एक झाकलेला पत्ता आपल्याला दिसतो. बाकी त्याचा उपयोग शून्य. तो लढत नाही, काही आणत नाही. शहाणे खेळाडू एखादा ठेवतात, नाहीतर ठेवतच नाहीत. काकूंच्या डेकमध्ये नियमात बसतील तेवढे सगळे पहारेकरी असायचे.

"त्याच्या हातात काय हाय ते दिसल्याबिगर माझं गलबत किनारा सोडत न्हाई," त्या म्हणायच्या. आणि खरंच, समोरच्याचे पत्ते एकेक करून उघडे पडत गेले की तो गांगरायचा, चुका करायचा. काकू त्या चुकांची वाट बघत बसायच्या आणि जिंकायच्या.

पुढच्या वर्षी खेळाची अखिल भारतीय स्पर्धा जाहीर झाली. एका शहरातल्या तिघांचा एक संघ. दर रविवारी इंटरनेटवरून सामना आणि शेवटची फेरी दिल्लीत, समोरासमोर. चंदिगडचा तिसरा खेळाडू आम्हाला खेळातच सापडला. त्याचं नाव बलविंदर, सगळे बल्ली म्हणायचे. पस्तिशीचा, गोरा, दाढीला नीट जाळी लावणारा. शहराबाहेर पिंजौरला घर, आणि इंडस्ट्रियल एरिया फेज टूमध्ये ट्रॅक्टरचे नटबोल्ट बनवायची त्याची छोटी शेड. शेडच्या एका कोपऱ्यात काचेचं ऑफिस होतं आणि त्यात तीन कॉम्प्युटर आणि ब्रॉडबँड, जे तेव्हा आमच्या दृष्टीनं ऐश्वर्यच होतं.

"आंटी जी, संडे को मशीनें बंद, शेड अपनी. आओ, बैठो, खेलो," तो म्हणाला.

काकूंनी आधी शेडला बाहेरून एक चक्कर मारली. मग आत येऊन खुर्ची भिंतीला पाठ लागेल अशी वळवून घेतली, आणि पडद्याला कपाळावर धरलेल्या हातासारखा पुठ्ठ्याचा आडोसा लावला. बल्लीनं ते बघितलं आणि काही न बोलता गोंदपट्टी आणून दिली. मला तो त्या क्षणी आवडला.

सुरुवातीचे रविवार सुरेख गेले. हवेत मशीनच्या तेलाचा वास, बाहेर कोवळं ऊन, बल्लीच्या घरून आलेले मुळ्याचे पराठे. काकू आणि मी मराठीत बोलायचो. बल्ली कान टवकारून विचारायचा, "मेरे बारे में कुछ बोल रहे हो ना?" काकू म्हणायच्या, "नहीं रे, पराठे के बारे में." तो मान डोलवायचा, पण त्याला ते पटलेलं नसायचं. संशय काही काकूंची एकटीची मिरास नव्हती.

आम्ही ओळीनं सामने जिंकलो आणि मग एका रविवारी इंदूरच्या संघातल्या मुलानं काकूंच्या विरुद्ध 'ब्राइब' काढला.

ब्राइब म्हणजे लाच. तो पत्ता टाकला की समोरच्याचे पहारेकरी फितूर होऊन आपल्या बाजूला येतात. समोर पहारेकरीच नसले तर तो पत्ता म्हणजे नुसता कागदाचा कपटा, म्हणून तो कुणी डेकमध्ये घालतच नाही. त्या मुलानं एकामागून एक असे ब्राइब काढले. काकूंचे सगळे पहारेकरी पलीकडे गेले आणि काकूंचाच हात त्याला दाखवायला लागले. काकू हरल्या.

"योगायोग असेल," मी म्हणाले.

"कशावरनं?"

पुढच्या सामन्यात हैदराबादच्या मुलाकडेही ब्राइब होते आणि काकू पुन्हा हरल्या. त्याच्या पुढच्यातही. काकू पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "संध्या, ही फितुरी हाय. आपल्यातलं कोणतरी सांगालंय."

आपल्यातलं म्हणजे कोण? आम्ही तिघंच होतो. प्रत्येकानं आपला डेक आदल्या दिवशी गुपचूप नोंदवायचा असा नियम होता, त्यामुळे तो बाहेरच्या कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मग काकू मला फोनवर डेकबद्दल कमी सांगू लागल्या. मी ऑफिसात शिरले की त्या आडोसा जवळ ओढून घ्यायच्या. मला वाईट वाटायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे मीही बल्लीकडे निराळ्या नजरेनं बघू लागले. सामन्याआधी त्याचा मोबाईल वाजला की तो उठून बाहेर रस्त्यावर जायचा. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज यायची नाही, हे मला माहीत होतं. तरीही काचेतून त्याचे हलणारे ओठ बघताना मनात यायचं, हा नेमका आत्ताच कुणाशी बोलतोय?

सामन्यांच्या शेवटच्या रविवारी भोपाळशी गाठ होती. जिंकलो तर दिल्ली. त्या आठवड्यात काकूंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "ह्या वेळी सगळे पहारेकरी काढून टाकलेत मी. नुसती गलबतं घातल्यात. कुणाला बोलू नको." मी कुणाला बोलले नाही.

रविवारी भोपाळच्या खेळाडूनं पहिल्याच हाताला ब्राइब काढला. पण काकूंकडे खरोखरच एकही पहारेकरी नव्हता. त्याच्या हातात निकामी पत्त्यांचा ढीग साठत गेला आणि काकूंच्या गलबतांनी त्याचं बंदर बघता बघता घेतलं. बल्लीही जिंकला. आम्ही दिल्लीला जाणार होतो! मी टाळ्या वाजवल्या, पण काकू हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

त्या मराठीत मला म्हणाल्या, "तुला गलबतं सांगितली हुती. ह्याला पहारेकरी सांगितले हुते. आणि ते पहारेकऱ्यांच्या तयारीनं आले. बघितलंस? हाच हाय तो."

"म्हणजे तुम्ही मलाही तपासलंत?"

"मग? सोडू काय?"

मी काही बोलणार तेवढ्यात बल्लीनं खुर्ची मागे सरकवली. त्याचे कान लाल झाले होते.

"आंटी जी," तो सावकाश म्हणाला, "इतने महीने से आप दोनों को सुन रहा हूँ. 'हाच' का मतलब मुझे आता है."

काकूंनी नजर खाली केली नाही. "तो बोल. बताया क्या तूने?"

"मैं क्या बोलूँ? चुप रहूँगा तो आप बोलोगी, सच है. नहीं बताया बोलूँगा तो आप बोलोगी, कशावरनं." तो शब्द त्यानं अगदी काकूंच्या सुरात म्हटला, पण त्यात चेष्टा नव्हती. मग त्यानं ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "कंप्यूटर आपके लिए खुले हैं. दिल्ली की प्रैक्टिस करो. मैं नहीं बैठूँगा."

तो बाहेर गेला आणि आम्हाला त्याच्या स्कूटरचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला. काकूंनी त्या किल्ल्यांना हात लावला नाही. कुलूप मी लावलं आणि किल्ल्या शेजारच्या शेडच्या चौकीदाराकडे दिल्या. परतीच्या बसमध्ये काकू एकच वाक्य बोलल्या, "बघ कसा राग आला. चोर असल्याबिगर एवढा राग येत न्हाई." मला म्हणावंसं वाटलं की निर्दोष माणसालाही एवढाच राग येतो. पण मलाच नक्की माहीत नव्हतं.

तो सगळा आठवडा मला चैन पडेना. शेवटी मी भोपाळच्या त्या खेळाडूला खेळातच गाठलं आणि सरळ विचारलं, आमच्या संघातलं कोण तुम्हाला सांगत होतं? त्यानं आधी हसण्याच्या खुणा पाठवल्या. मग लिहिलं, सांगायला कशाला हवं? सगळे जुने सामने सर्व्हरवर ठेवलेले असतात, कुणीही उघडून बघावेत. पन्हाळा प्रत्येक सामन्यात पहारेकरी घेऊन येतो, हे सगळ्या संघांना पाठ आहे. फक्त आमच्या वेळी ते का आणले नाहीत, तेच कळलं नाही.

मी तशीच बस पकडून चंडीमंदिरला गेले. काकूंच्या कॉम्प्युटरवर त्यांचेच जुने सामने एकामागून एक लावले. त्या चष्मा लावून बघत बसल्या. पडद्यावर पन्हाळा येत होता, पहारेकरी ठेवत होता, थांबत होता, पुन्हा पहारेकरी ठेवत होता. गलबतं हातात असूनही सोडत नव्हता. समोरचा बदलत होता, पन्हाळा बदलत नव्हता.

"मी अशी खेळतो?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"दर वेळी, काकू. बल्लीला तुम्ही सांगितलं ते नेहमीचंच होतं. आणि ते आले ते नेहमीच्याच तयारीनं. त्यात बल्लीनं सांगायचं राहिलंच काय?"

त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पण तो भोपाळवाला खरं बोलतोय कशावरनं? बल्लीला वाचवत असंल तर?"

जुने सामने बघून कुणालाही कळू शकलं असतं, एवढंच मी दाखवू शकत होते. बल्लीनं सांगितलं नाही, हे दाखवणं कुणाच्याच हातात नव्हतं. मी तसं म्हणाले. काकूंनी मान हलवली, आत जाऊन चहा टाकला, आणि विषय बंद केला.

चार-पाच दिवसांनी त्या कधी नव्हे ते स्वतः माझ्या खोलीवर आल्या. वर चढून आल्यामुळे धाप लागली होती. "चप्पल घाल. फेज टूला जायाचंय."

कामाचा दिवस होता. मशीनं धडधडत होती. बल्लीनं आम्हाला पाहिलं, हात पुसले आणि काचेच्या ऑफिसात नेलं. कॉम्प्युटरवर चादर घातलेली होती. काकू उभ्याच राहिल्या. आणि मग त्यांनी त्यांच्या त्या ओबडधोबड हिंदीत एक गोष्ट सांगितली, जी मला त्यांनी इतक्या महिन्यांत सांगितली नव्हती.

फार वर्षांपूर्वी, कुठल्याशा दुसऱ्या गावी, त्यांची एक जिवलग मैत्रीण होती, दुसऱ्या अधिकाऱ्याची बायको. रोज दुपारी दोघी एकत्र विणकाम करायच्या. एकदा बोलता बोलता काकू सांगून गेल्या की यजमानांना त्यांच्या वरिष्ठांचा एक निर्णय अजिबात पटलेला नाही, ते घरात त्याबद्दल काय काय बोलतात. काही दिवसांनी तेच शब्द, अगदी तेच, वरिष्ठांच्या तोंडून यजमानांच्या कानावर आले. त्यानंतर यजमानांची बढती अडली ती अडलीच. घरात हे बोलणं फक्त दोघांना माहीत होतं. "साहब ने मुझे एक बार भी नहीं पूछा," काकू म्हणाल्या. "पूछते तो अच्छा होता. उस दिन से मैं सबको पूछती हूँ."

बल्ली ऐकत होता. बाहेर कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं हातानंच थांब म्हटलं.

"अब पक्का हो गया आपको, कि मैंने नहीं बताया?"

मला वाटलं, आता तरी त्या हो म्हणतील. एवढी चालून आलेली बाई, एक शब्द खोटा बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण त्या काकू होत्या.

"नहीं," त्या म्हणाल्या. "पक्का नहीं है."

"तो फिर आई क्यों हो?"

"खेलने." त्यांनी पदर खोचला. "पक्का होने तक रुकूँगी तो बैठी ही रहूँगी. मैंने मेरा खेल देखा, संध्या ने दिखाया. बैठी ही रहती हूँ मैं. अब दिल्ली का मेरा डेक तू बाँध. चालीस के चालीस. मुझे बताना मत."

बल्लीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आंटी जी, हार गई तो बोलोगी, बल्ली ने जानबूझ के खराब डेक दिया."

"बोलूँगी. लगा तो बोलूँगी. पर खेलूँगी तो सही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तो हसला नाही, पण कॉम्प्युटरवरची चादर त्यानं काढली.

दिल्लीतला तो हॉल एखाद्या लग्नाच्या कार्यालयासारखा होता. लांब टेबलं, पंखे, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली कॉलेजची पोरं. इरकली नेसलेल्या काकूंना दारावरच्या मुलानं विचारलं, "आंटी, बच्चा किधर बैठा है?" काकूंनी त्याला स्वतःचं ओळखपत्र दाखवलं आणि त्याचं नीट वाचून घेतलं.

मी त्यांच्या शेजारच्याच जागी होते. बल्लीनं बांधलेला डेक त्यांनी खरंच बघितला नव्हता. डाव सुरू झाला आणि पहिला हात आला, तेव्हा त्यांची बोटं माऊसवर थांबली. हातात नुसती गलबतं आणि त्यांना जोरानं बंदरावर नेणाऱ्या भरतीच्या लाटा. समोर हैदराबादचा तोच मुलगा होता, ज्यानं त्यांना पूर्वी हरवलं होतं. त्याच्या हातात काय आहे ते दाखवायला काकूंकडे काहीच नव्हतं. त्यांच्या ओठांवर घामाचे थेंब आले. मला वाटलं, ही बाई आता उठून जाणार.

त्यांनी गलबत सोडलं. मग दुसरं. डोळे मिटून घरातून पाऊल बाहेर टाकावं तशा त्या खेळत होत्या. मुलगा बुचकळ्यात पडला. त्याच्याकडे ब्राइब होतेच, ते हातात कुजत राहिले. मध्ये एक वादळ आलं आणि काकूंची दोन गलबतं बुडाली, तेव्हा त्यांनी दूर बसलेल्या बल्लीकडे असं काही बघितलं की मी मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना केली. पुढचा पत्ता उचलला, तर तो पहारेकरी निघाला. चाळिसांत एकच. बल्लीनं एक ठेवला होता.

काकू त्या पत्त्याकडे बघत राहिल्या. मग तो तसाच हातात ठेवून त्यांनी लाट सोडली आणि डाव जिंकल्या.

मी माझा डाव हरले. बल्लीही हरला. आमचा संघ बाहेर पडला, हैदराबाद पुढे गेलं. परतताना वाटेत एका धाब्यावर बस थांबली. बल्ली पराठ्याचा पहिला घास तोंडात घालतोय तोच काकूंनी विचारलं, "तू हारा कैसे रे? जानबूझ के?"

घास त्याच्या घशात अडकला. मी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो खोकत, डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "आंटी जी, मेरा भी डेक किसी और से बँधवाना चाहिए था!" आणि काकू हसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर वर्षभरात कर्नलसाहेब परत आले, निवृत्त झाले, आणि काळ्या लोखंडी ट्रंकांवर पांढऱ्या रंगानं कोल्हापूरचा पत्ता रंगवून दोघं निघून गेले. ट्रंका चढवायला बल्लीनं आपला टेम्पो पाठवला होता. काकूंनी टेम्पोच्या पाटीवरचा नंबर माझ्यादेखत तळहातावर लिहून घेतला आणि मग ड्रायव्हरच्या हातात डबा भरून शिरा दिला.

पुढे मीही पुण्याला आले, शिकवायला लागले. खेळ कधीतरी बंद पडला, सर्व्हरवरचे सगळे जुने सामने पुसले गेले. काकूंचा फोन मात्र येत राहिला. त्या गेल्या त्याच्या आधीच्या दिवाळीतही आला. आवाज थकलेला होता.

"संध्या, आता सगळं संपलंय. मी काय त्याला फाशी देत न्हाई. खरं सांग, बल्ली सांगत हुता काय त्यांना?"

"मला वाटतं, नव्हता काकू."

"वाटतं म्हंजे तुलाबी खात्री न्हाई."

"नाही."

पलीकडे कढईत काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज आला. मग झारा कढईच्या काठावर आपटला.

"बरं," त्या म्हणाल्या. "तो चंदिगडजवळ त्या एरोसिटीकडं राह्यला गेलाय म्हणं. नवा पत्ता दे मला त्याचा. चकल्या पाठवायच्यात."